रॉ क्वेरी ओआरएममधून चालत नाही, मदत हवी आहे (अर्जंट)

टॉवेल_आणि_कोड:
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी येणेबाकीचा रिपोर्ट करतोय. हाताने लिहिलेली एसक्यूएल क्वेरी डेटाबेसमध्ये थेट टाकली की झकास चालते, कोडमधून, म्हणजे डेटाबेसच्या ओळींचे ऑब्जेक्ट करून देणाऱ्या ओआरएममधून, टाकली की एरर. शेठला उद्या सकाळी यादी हवी, वसुलीला माणूस निघणार आहे. लवकर सांगा.

सेमीकोलन:
कुठलं ओआरएम? कुठला डेटाबेस? एरर काय? आम्ही काय ज्योतिषी आहोत का ओ?

हुतात्मा_पासधारक:
ओआरएम सोडा. आमच्याकडे पुण्यात सगळं स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडमध्ये असतं. शांत झोप लागते.

टॉवेल_आणि_कोड:
ओआरएम जँगोचं, अजून काय असणार. डेटाबेस पोस्टग्रेस. बिल मॉडेलवर (बिलांच्या टेबलचा क्लास) रॉ लावलंय. पार्टीचं नाव, बिलांची बेरीज, ग्रुप बाय पार्टी. एरर म्हणतो क्वेरीत प्रायमरी की (ओळीची ओळख पटवणारा आयडी) पाहिजेच.

नवी_पेठ:
सोपंय की. सिलेक्टमध्ये बिलाचा आयडी टाका.

टॉवेल_आणि_कोड:
टाकला. मग पोस्टग्रेसला तो ग्रुप बायमध्येही हवा. तिथे दिला तर प्रत्येक बिल सुटं येतंय. बेरीज कुठाय?

डेटाबेसकाका:
रॉ प्रत्येक ओळीचा मॉडेल ऑब्जेक्ट बनवतं, म्हणून की मागतं. तुमची ओळ बिलाची नाहीच, पार्टीची आहे. पार्टी मॉडेलवर रॉ लावा. सिलेक्टमध्ये पार्टीचा आयडी, नाव आणि बेरीज 'एकूण' या नावाने, ग्रुप बाय पार्टीचा आयडी. 'एकूण' ऑब्जेक्टला आपोआप चिकटतं. ऑब्जेक्ट नकोच असेल तर कनेक्शनचा कर्सर घ्या, तो नुसत्या ओळी देतो, त्याला कीचं सोयरसुतक नाही. आणि यादीत फोन नंबर छापणार असाल तर तोही सिलेक्टमध्ये घ्या, नाहीतर जँगो तेवढ्यासाठी दर पार्टीमागे वेगळी क्वेरी मारेल.

सात_रस्ता:
पण रॉ हवंच कशाला? जँगोचंच व्हॅल्यूज, ॲनोटेट, सम वापरा. एका ओळीचं काम.

टॉवेल_आणि_कोड:
केलं होतं. बिलं आणि जमा पावत्या, दोन्हींची सम एकत्र घेतली की आकडे फुगतात. म्हणून तर रॉ.

डेटाबेसकाका:
अहो, हे पहिल्यांदा सांगायचं ना! एका पार्टीची ३ बिलं आणि २ पावत्या जॉइन केल्या की ६ ओळी होतात. प्रत्येक बिल दोनदा धरलं जातं, प्रत्येक पावती तीनदा. रॉ लिहिलं तरी हेच होणार. पावत्यांची बेरीज वेगळ्या सबक्वेरीत (क्वेरीच्या आतली क्वेरी) काढा, मग पार्टीला जोडा. हेच जँगोचे सबक्वेरी आणि आउटररेफ वापरून ॲनोटेटमध्येही जमतं.

हुतात्मा_पासधारक:
म्हणूनच म्हटलं, प्रोसिजर.

सेमीकोलन:
प्रोसिजरमध्ये तोच जॉइन लिहिला तर तिथेही फुगेल. पुण्यात गणित वेगळं असतं काय बे?

कडक_भाकरी:
टॅली घ्या. येणेबाकी एका बटणावर.

गड्डा_यात्री:
जानेवारीत सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला येतोय. कारखान्यात थेट चादर मिळते का?

टॉवेल_आणि_कोड:
टॅली आहे, शेठला मोबाइलवर पाहिजे. सबक्वेरीने आकडे वहीशी जुळले. आता तारीख पॅरामीटरने दिली आणि नावाला 'लाइक' लावलं, तर टक्क्याच्या चिन्हावर अडतंय.

डेटाबेसकाका:
पॅरामीटर दिले की क्वेरीतला एकटा % प्लेसहोल्डर (पॅरामीटरची जागा) समजला जातो. तो %% असा लिहा, किंवा टक्क्यासकट अख्खा शब्दच पॅरामीटर म्हणून पाठवा. मी दुसरं करतो. प्लेसहोल्डरभोवती अवतरणचिन्हं नकोत. आणि एफ-स्ट्रिंगने नाव क्वेरीत कोंबू नका, सर्चच्या खोक्यात कोण काय टाइप करेल सांगता येत नाही. क्वेरीत परकी एसक्यूएल घुसवायचं इंजेक्शन तिथूनच होतं.

सात_रस्ता:
ॲनोटेट केलं असतं तर ही टक्क्याची भानगडच नव्हती.

टॉवेल_आणि_कोड:
चाललं. यादी पाठवतोय. चादरवाले, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. घाऊक मिळते, एकेक नाही.