यंत्राच्या आवाजात तीन वेगळे 'हो' कसे आणायचे?

प्रश्न
आईची दृष्टी गेली त्याला दोन वर्षं होतील. तिनं तरुणपणी लिहिलेल्या कथांची एक वही आहे. मी कामावर असते तेव्हा तिला ऐकता यावं म्हणून त्या कथा टाइप करून एआयच्या आवाजात काढून ठेवते. उच्चार स्वच्छ आहेत, जोडाक्षरांवर अडखळत नाही. पण एका कथेत मुलगी वडिलांना तीनदा 'हो' म्हणते: एकदा आनंदानं, एकदा मनाविरुद्ध, शेवटी रडू दाबून. यंत्र तिन्ही 'हो' एकाच मापाचे काढतं. उद्गारचिन्ह लावून पाहिलं, तर तिसराही आनंदी झाला! आई तक्रार करत नाही, पण त्या जागी तिचा चेहरा हलत नाही आणि मला ते बघवत नाही. काय करू?

उत्तर १
मी बरीच वर्षं श्रुतिकांचं संकलन केलंय, म्हणून कानाच्या बाजूनं सांगतो. एकच वाक्य माणसं कितीतरी तऱ्हांनी बोलतात, पण कागदावर ती सगळी सारखीच दिसतात. कोणती तऱ्हा हवी ते मजकुरातून उमगलं नाही की मॉडेल मधली, बेताची चाल धरतं. 2016मध्ये वेव्हनेट हे आवाज घडवणारं मॉडेल आलं आणि आवाजाचा पोत बराच माणसासारखा झाला. पण भाव पोतात नसतो. तो चढउतारात, लयीत, श्वासात असतो, आणि माझ्या मते सर्वांत जास्त थांबण्यात.

तुमचं आवाज काढणारं इंजिन एसएसएमएल, म्हणजे मजकूर कसा बोलायचा ते सांगणाऱ्या खुणा (टॅग), घेत असेल तर तिथून सुरुवात करा. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं हे मानक 2004 साली पक्कं केलं. त्यातल्या 'ब्रेक'नं विराम देता येतो. 'प्रॉसडी'नं वेग, पट्टी आणि आवाजाची पातळी बदलता येते. तिसऱ्या 'हो'आधी 700 मिलिसेकंद थांबा, वेग 85 टक्क्यांवर आणा, आवाज किंचित उतरवा. पट्टीला मात्र हात लावू नका. दुःख म्हटलं की नवखा माणूस पट्टी खाली ओढतो आणि मुलगी एकदम म्हातारी वाटायला लागते. रडू दाबताना गळा आवळलेला असतो, त्यामुळे पट्टी उलट जरा चढतेसुद्धा. आणि 'हो' झाल्या झाल्या पुढचं वाक्य येऊ देऊ नका. वडिलांनी तो ऐकला, एवढं पोचायला अवधी लागतो.

उत्तर २
सगळी इंजिनं सगळे टॅग मानत नाहीत, ते आधी तपासा. नव्या मॉडेलांपैकी काहींना साध्या शब्दांत सूचना देता येते. तिथे भावनेचं नाव लिहू नका. 'दुःखी' म्हटलं की सबंध परिच्छेद रडका होतो. प्रसंग सांगा: 'वडील समोर आहेत, त्यांना कळू द्यायचं नाही.' नुसता 'हो' पाठवूनही भागत नाही. आधीची चार वाक्यं सोबत द्या, मग हवा तेवढा तुकडा कापून घ्या. एकाच सूचनेवर पाच-सहा वेळा काढा, बहुतेकदा दर वेळी थोडं निराळं येतं. तरीही जमलं नाही तर आवाजावरून आवाज बनवणारी साधनं आहेत. तुम्ही 'हो' म्हणायचं. लय तुमची राहते, आवाज निवडलेला येतो.

उत्तर ३
'च' आणि 'ना'कडेही कान ठेवा. 'मी जाईनच' आणि 'मीच जाईन' यांत जोर वेगळ्या जागी पडतो. 'येशील ना' यातला 'ना' विनवणीचा की दरडावणीचा, हे यंत्राला आपणच सांगावं लागतं.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. पहिला 'हो' आधीची वाक्यं जोडल्यावर आपोआप सुधारला. दुसऱ्याला 'मनाविरुद्ध होकार देतेय' अशी सूचना दिली. तिसरा काही केल्या जमेना, म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून मीच म्हटला आणि त्यावरून काढला. पुढे पूर्ण सेकंदभर शांतता ठेवली.

काल आईला ऐकवलं. तिसऱ्या 'हो'ला तिनं माझा हात धरला. मग म्हणाली, "दुसरा चुकलाय गं. तिथे तिच्या मनाविरुद्ध काही नव्हतं, ती दमली होती." वहीत 'दमली' हा शब्द कुठेच नाही. आता प्रत्येक संवादाशेजारी तिला विचारून एकेक ओळ लिहून घेतेय. सात पानं झालीत.