प्रभाव, छाप की संस्कार? हंगेरियन चित्रकलेच्या निमित्ताने

प्रश्न : हंगेरियन चित्रकलेवरील एका लेखाचा अनुवाद करताना म्यूनिकचा प्रभाव, पॅरिसचा प्रभाव असे पानोपानी येत आहे. छाप, संस्कार हे शब्द समानार्थी समजून आलटूनपालटून वापरावेत काय?

उत्तर : वापरू नयेत. अमरकोशात ‘प्रभाव’ म्हणजे कोश (खजिना) आणि दंड (सैन्यबळ) यांपासून उपजणारे राजाचे तेज. प्रभाव ‘पडतो’, आणि ज्याच्यावर तो पडतो त्याने स्वतः काही केल्याचे त्या क्रियापदातून कळत नाही. हंगेरियन चित्रकार सिन्येई मेर्शे पाल यांनी ‘मायालिश’ हे हिरव्यागार उतारावरील वनभोजनाचे चित्र म्यूनिकमध्ये १८७३ साली पूर्ण केले, तर दृक्प्रत्ययवाद्यांचे (इम्प्रेशनिस्ट चित्रकारांचे) पहिले प्रदर्शन पॅरिसमध्ये १८७४ साली भरले. चित्र आधीचे, प्रदर्शन नंतरचे; म्हणून येथे दृक्प्रत्ययवादाचा ‘प्रभाव’ न म्हणता ‘साधर्म्य’ म्हणणेच योग्य.

प्रतिवाद : परंतु १८६९ च्या म्यूनिक येथील प्रदर्शनात फ्रेंच चित्रकार कुर्बेची चित्रे लागली होती. सिन्येई फ्रेंच कलेपासून अगदी अलिप्त होते असे कसे म्हणता येईल?

उत्तर : आक्षेप मान्य आहे, माझा विरोध केवळ ‘दृक्प्रत्ययवादाचा प्रभाव’ या शब्दयोजनेला आहे. ‘छाप’ मात्र चटकन पडते. चित्रकार होलोशी शिमोन यांनी १८९६ साली म्यूनिकमधील आपले विद्यार्थी नाजबान्या (आजच्या रुमानियातील बाया मारे) येथे नेले, आणि तेथे उघड्यावर चित्रे काढण्याची परंपरा रुजली. १९०६ साली चित्रकार त्सोबेल बेला पॅरिसहून भडक रंगांची चित्रे घेऊन तेथे आले, तेव्हा तरुण चित्रकारांवर जी पडली ती छाप. ‘संस्कार’ होण्यास सहवास लागतो. चित्रकार रिप्पल-रोनाई योझेफ १८८७ साली पॅरिसला गेले, तेथील हंगेरियन चित्रकार मुन्काची मिहाय यांच्या हाताखाली राहिले, पुढे ‘नाबी’ या चित्रकार-गटातील मंडळींत वावरले; त्यांच्याबाबत मी निःशंकपणे ‘संस्कार’ लिहीन.

पुरवणी प्रश्न : रिप्पल-रोनाई यांच्या पुढील शैलीला हंगेरियनमध्ये ‘कुकोरित्साश’ म्हणतात. त्यास ‘दाणेदार’ म्हणावे काय?

उत्तर : ‘कुकोरित्सा’ म्हणजे मका, शुद्ध रंगांचे ठिपके कणसावरील दाण्यांसारखे शेजारी शेजारी बसवलेले, म्हणून हे नाव. ‘दाणेदार’ म्हटल्यास मराठी वाचकाला आधी तूप आठवेल, मका नव्हे. ‘मक्याच्या दाण्यांची शैली’ असे लांबलचकच लिहावे.