मदत हवी आहे: थारला मड-टेरेन (एमटी) टायर घ्यावेत का? (नागपूर, काळी माती, रोजचा सिमेंट रोड)

कळमेश्वरकर:

नमस्कार मंडळी. गाडी २०२१ ची थार, एएक्स डिझेल, ४×४, मॅन्युअल. मागच्या अॅक्सलला एमएलडी (एक चाक घसरले की लॉक होणारे मेकॅनिकल डिफरन्शियल) आहे. मूळचे २४५/७५ आर १६ मापाचे एटी (ऑल-टेरेन) टायर उतरत आलेत, खाच जेमतेम चार मिलीमीटर उरली आहे. पावसाळ्याआधी पाचही बदलायचे आहेत.

वापर असा: आठवडाभर शहरात, म्हणजे बहुतेक सिमेंट रोडच. अधूनमधून समृद्धीने संभाजीनगर. आणि शेत कळमेश्वरच्या पुढे, डांबरी सोडल्यावर तीन किलोमीटर पांदण. जून ते सप्टेंबर तिथे निव्वळ काळा गारा (चिखल), बैलबंड्यांच्या खोल चाकोऱ्या आणि मध्ये एक नाला. फोर-लो (४×४ चा कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) टाकूनही चाके मातीने भरून गुळगुळीत होतात आणि गाडी जागच्या जागी फिरते.

प्रश्न चार:
१) एमटी घ्यावेत की चांगले एटी?
२) दुकानदार म्हणतो ३३ इंची टाका, लूक येतो. माप वाढवावे का?
३) पैसे वाचवायला एमटी फक्त मागे दोन घातले तर?
४) एमटी समृद्धीवर चालतील का?

फोर-लो:

तिसऱ्या प्रश्नाचे आधी सांगतो, कारण त्यात गाडीचे नुकसान आहे. फक्त मागे एमटी अजिबात नको. थारची ४×४ पार्ट-टाइम आहे, मध्ये सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नाही. ४एच (फोर-हाय) किंवा ४एल (फोर-लो) टाकले की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. छापील माप तेच असले तरी नवा एमटी आणि झिजलेला एटी यांच्या व्यासात पंधरा-वीस मिलीमीटरचा फरक सहज पडतो. तो फरक मग ट्रान्सफर केस आणि शाफ्टच्या जोडांवर ताण म्हणून बसतो. चिखलात चाक घसरून ताण मोकळा होतो, कडक मुरमावर होत नाही, लिव्हर अडकून बसतो. शिवाय उतारावर ब्रेक मारला की पुढचे गुळगुळीत टायर घसरणार आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे. चार तरी एकसारखे, जमले तर पाच.

आता मुख्य गोष्ट. काळ्या मातीत एमटी म्हणजे हमखास सुटका, असे नाही. एमटीचे ठोकळे मोठे आणि त्यांच्यातल्या खाचा रुंद असतात, त्या खाचांतून चिखल बाहेर फेकला जावा म्हणून. पण तो फेकला जातो चाकाच्या वेगाने. फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये चाक इतके हळू फिरते की आपली चिकण माती खाचेतच राहते आणि दोनशे मीटरमध्ये एमटीचाही गोटा होतो. फोर-लोमध्ये दुसरा किंवा तिसरा गिअर, आरपीएम स्थिर, मध्ये थांबायचे नाही. खाच रिकामी होते ती अशी. एटीची खाच अरुंद, त्यामुळे वेग दिला तरी ती पूर्ण मोकळी होत नाही. दोघांतला खरा फरक एवढाच.

माती कुठल्या अवस्थेत आहे यावर बाकी सगळे. भर पावसात वरचा थर पातळ असतो, तो खाचेतून सुटतो, एमटी छान चालतो. पाऊस उघडला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, वाफसा यायच्या आधी, तीच माती सगळ्यात चिकट होते. त्या दिवशी एमटी आणि एटीत फारसा फरक दिसणार नाही, मडगार्डच्या आत थर साचून चाक फिरणे जड होईल. एक दिवस थांबता येत असेल तर थांबा. कोणत्याही टायरपेक्षा ते स्वस्त पडते.

पांदणवाला:

भाऊ, फोर-लो यांचे बरोबर, पण हवेबद्दल कोणीच बोलले नाही. निम्मे काम हवेचे आहे. डांबरीवर ३२ असेल तर पांदणीच्या तोंडाशी २० पीएसआय करा, फारच बसत असेल तर १८. टायर लांबीला पसरतो, जास्त ठोकळे जमिनीला लागतात आणि ठोकळे थोडे वाकत राहिल्याने माती सुटते. १५ च्या खाली साध्या रिमवर जाऊ नका. चाकोरीतून बाहेर काढायला स्टिअरिंग मारले की टायरची कड रिमवरून सुटते, आणि गाऱ्यात ती परत बसवणे म्हणजे अर्धा दिवस गेला.

हवा कमी केली की एक धोका मात्र वाढतो: धसकटं. पऱ्हाटी उपटली नसेल, नुसती कापली असेल, तर तिची तिरपी खुंटं आणि तुरीची धसकटं बांधाच्या कडेला तशीच राहतात. ती ट्रेडमध्ये (जमिनीला टेकणाऱ्या भागात) नाही, बाजूच्या भिंतीत घुसतात. बाभळीचा काटा ट्रेडमध्ये गेला तर तिथल्या तिथे पट्टी लावून काम भागते. भिंत फाटली की टायर गेला, तिथे पट्टी किंवा पॅच लावून रस्त्यावर आणू नये. म्हणून माझ्या मते एमटी की एटी याच्या आधी तीन प्लायची (थरांची) साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, बघा.

आणि रुंद टायरच्या नादी लागू नका. रुंद टायर वाळूत चांगला, पेंचच्या बाजूच्या रेतीच्या नाल्यात चांगला. पांदणीत चाकोरी बंडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेली असते, रुंद टायर तिच्या दोन्ही भिंतींना घासत जातो. २४५ मिलीमीटर रुंदी बरोबर आहे.

चाकबंद:

टायर विकत घेताना भिंतीवर काय वाचायचे ते सविस्तर लिहितो, कारण दुकानात सगळे फक्त डिझाइन बघतात.

एमटी बहुतेक एलटी (लाइट ट्रक) प्रकारात येतात. एलटी २४५/७५ आर १६ वर १२०/११६ क्यू असे छापलेले दिसेल. १२० म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त १४०० किलो भार. ११६ हा आकडा मागे जोडचाके असलेल्या गाड्यांसाठी, तुम्हाला लागू नाही. क्यू म्हणजे कमाल वेग ताशी १६० किमी. समृद्धीवर कारची मर्यादा १२० आहे, त्यामुळे चौथ्या प्रश्नाचे उत्तर: वेगाच्या निर्देशांकाने एमटी चालतो. अडचण दुसरीकडे आहे, तिकडे येतो.

१२० निर्देशांक असलेला हा टायर लोड रेंज ई, म्हणजे दहा प्लायच्या ताकदीचा. दुकानदार हे मोठा गुण म्हणून सांगेल. थारचे वजन पावणेदोन टनांच्या आसपास, माणसे-सामान धरूनही एका चाकावर सहाशे किलोच्या वर सहसा येत नाही. इतक्या हलक्या गाडीखाली दहा प्लायचा टायर दगडासारखा राहतो. पांदणवाला २० म्हणतात तिथे तो नीट पसरतच नाही, आणि शहरात प्रत्येक स्पीडब्रेकर कंबरेला लागतो. तुमच्या मापात लोड रेंज सी, म्हणजे सहा प्लायचा, पण साइडवॉल मजबूत असलेला मिळाला तर तो घ्या. नाही मिळाला तर ई चालेल, हवा दोन पीएसआय आणखी कमी करावी लागेल इतकेच.

तारीख बघाच. डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: ०८२५ म्हणजे २०२५ चा आठवा आठवडा. पाचही टायरवर बघा, दोन नवे आणि तीन जुने असे गळ्यात मारतात. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेले रबर लवकर कडक होते, दीड वर्षापेक्षा जुना माल असेल तर भाव पाडा किंवा सोडा. जून २०२० पासून टायरची आयात निर्बंधित यादीत आहे, त्यामुळे परदेशी एमटीचे एखादे माप मधेच गायब होते. आज चार घेतले आणि पाचवा नंतर घेऊ म्हटले तर तो डिझाइन मिळेलच असे नाही.

नाव विचाराल तर बीएफगुडरिचचा केएम३ आणि योकोहामाचा जिओलँडर एमटी जी००३ हे दोन्ही खरे एमटी आहेत. तुमच्या मापात सध्या काय उपलब्ध आहे ते दोन-तीन ठिकाणी विचारा. एटीवर फक्त खांद्याला मोठे ठोकळे लावलेले टायरही एमटी म्हणून खपवले जातात. मधल्या पट्टीत बोट घालून बघा. बोट आडवे बसत नसेल तर तो आपल्या मातीत मोकळा होणार नाही.

फोर-लो:

समृद्धीची अडचण चाकबंद सांगणार होते, मी पुरी करतो. एमटीचा ठोकळा जाड, म्हणून तो जास्त हलतो आणि जास्त तापतो. मे महिन्यात दुपारी काँक्रीटवर १२० ने सलग चालवू नका, ९०-१०० ठेवा. हवा सकाळी गाडी थंड असताना मोजा. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की साधारण एक पीएसआय वाढतो, तापलेल्या टायरमधली ती वाढ बघून हवा सोडण्याची चूक पंपावर सर्रास होते. तसे केले की टायर कमी हवेवर धावतो, भिंत जास्त वाकते, आणखी तापते आणि फुटते. शेतातून निघताना २० पीएसआयवरच डांबरी गाठणे हाही तोच प्रकार. बारा व्होल्टचा कंप्रेसर गाडीत ठेवा, पण थेट बॅटरीला चिमटे लावणारा. सिगारेट सॉकेटवरचे छोटे कंप्रेसर चार टायर भरेपर्यंत फ्यूज उडवतात.

ओल्या सिमेंट रोडवर एमटीचा ब्रेक एटीपेक्षा लांब लागतो. ठोकळ्यांवर बारीक चिरा कमी, जमिनीला लागणारे रबरही कमी. पहिल्या पावसात चौकात सिग्नलला अंतर जास्त ठेवा. साठच्या पुढे घुमणारा आवाज येणार, तो टायर झिजतो तसा वाढत जातो. अॅव्हरेजही उतरते.

कळमेश्वरकर:

सगळ्यांचे आभार. म्हणजे माझ्या वापरात वर्षातले आठ महिने एमटीचा तोटाच दिसतो. मग दोन सेट ठेवले तर? एटी अलॉयवर आणि एमटी स्टील रिमवर? आणि ३३ इंचीचे राहिलेच.

चाकबंद:

दोन सेट हेच तुमच्यासाठी बरोबर. सध्याच्या स्टील रिम एमटीला ठेवा. धसकटाने किंवा दगडाने रिमची कड वाकली तर स्टील ठोकून सरळ होते, अलॉयला तडा जातो. एटीसाठी दुसऱ्या रिम घेताना पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ६×१३९.७, रुंदी ७ इंच, आणि ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते ते माप) मूळ रिमइतकाच. ऑफसेट कमी घेतला तर चाक बाहेर येते, बेअरिंगवर ताण वाढतो आणि चिखल थेट दारांवर उडतो. अलॉयचे नट वेगळ्या बसणीचे असू शकतात, स्टीलचेच नट लावून मोकळे होऊ नका. बदलल्यावर ८०-१०० किमीने टॉर्क रेंचने पुन्हा तपासा.

स्टेपनीचे विसरू नका. दोन्ही सेटचा व्यास जवळपास सारखा असेल तर एकच स्टेपनी चालते, पण वेगळा टायर लावून ४×४ टाकायचे नाही, टू-व्हीलमध्ये घरी यायचे.

फोर-लो:

मापाचे गणित:

२४५/७५ आर १६ – ७७४ मिमी (मूळ)
२५५/६५ आर १८ – ७८९ मिमी (थारच्या एलएक्स मॉडेलचे)
२६५/७५ आर १६ – ८०४ मिमी
२८५/७५ आर १६ – ८३४ मिमी (दुकानदाराचे ३३ इंची)

८३४ म्हणजे व्यासात ६० मिमी वाढ, पण जमिनीपासून डिफरन्शियलची उंची वाढते निम्मीच, ३० मिमी. त्यासाठी लिफ्ट, पुढच्या मडगार्डच्या लायनरची कापाकापी, आणि सगळे गिअर साधारण पावणेआठ टक्क्यांनी लांब होतात. ज्या फोर-लोच्या जोरावर तुम्ही चिखलातून निघणार तोच कमी होतो. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा खरा वेग १०७ च्या आसपास. वर कंपनीने मंजूर केलेल्या मापाबाहेर गेलात की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा (गाडीत परस्पर बदल करण्यास मनाई) प्रश्न येतो, आणि अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर तेच पहिले बघतो. २६५ घ्यायचाच असेल तर एक चाक उंच दगडावर चढवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून घासते का बघा. पण कशाला? २४५ च घ्या.

पांदणवाला:

एमएलडीबद्दल एक. ते आपोआप लॉक होते, पण त्यासाठी मागच्या दोन चाकांच्या वेगात फरक पडावा लागतो. एक चाक फिरायला लागले की घाबरून पाय काढू नका, तसाच हलका दाब ठेवा, खट्ट करून लॉक लागेल. लागल्यावर कडेला उतार असेल तर मागची बाजू खाली सरकते, बांधाच्या बाजूला हे लक्षात ठेवा. लॉक लागूनही गाडी पुढे सरकत नसेल तर लगेच थांबा. आणखी रेस दिली की चाक स्वतःचाच खड्डा खोल करते आणि अॅक्सल मातीवर टेकतो. मग कुठलाही टायर असो, ट्रॅक्टर बोलवावा लागतो. त्याआधी आपल्याच चाकोरीत मागे घ्या, चाकाखाली बारदान किंवा पऱ्हाटीच्या काड्यांची जुडी आडवी टाका. ट्रॅक्टरने ओढताना साखळी टो-हुकलाच, बंपरला किंवा अॅक्सलला नाही.

कळमेश्वरकर:

ठरले. २४५/७५ आर १६, चार एमटी स्टीलवर, एटीचा सेट अलॉयवर. शेवटचा प्रश्न: पांदणीतून आल्यावर सत्तरच्या पुढे स्टिअरिंग थरथरते. अलाइनमेंट बिघडते का?

चाकबंद:

बहुतेक वेळा नाही. रिमच्या आतल्या बाजूला काळी माती वाळून बसते, एका बाजूला शे-दोनशे ग्रॅम जरी राहिली तरी चाकाचे संतुलन जाते. वॉशिंग सेंटरवाले बाहेरून फवारा मारून सोडून देतात. गाडी रॅम्पवर घेऊन खालून, रिमच्या आत, चाक अर्धे फिरवून दोनदा धुवायला लावा. चिकटवलेली वजने तेव्हा निघाली नाहीत ना तेही बघा. एवढे करूनही थरथर राहिली तर बॅलन्सिंग, त्यानंतर अलाइनमेंट. आणि एमटी दर पाच हजार किमीला पुढचे मागे, मागचे पुढे करत राहा, नाहीतर ठोकळ्यांची एकच कड झिजून करवतीसारखी होते आणि मग तो आवाज कशानेच जात नाही.