खळबळ, घालमेल की घुसमट? चित्रासोबतच्या टिपणात कोणता शब्द योग्य

शंका

मी गोव्यातील फोंड्याची असून चित्रकलेच्या पदवी अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्षअखेरच्या प्रदर्शनासाठी मी एक मोठे चित्र करीत आहे. त्याचा विषय वर्गात 'इमोशनल टर्मॉइल' असा दिला गेला असून रचनेची तत्त्वे जाणीवपूर्वक वापरावीत अशी अट आहे. मी निवडलेला प्रसंग आपल्या गावांतून सर्वांच्या परिचयाचा आहे: घरातला तारवटी, म्हणजे परदेशी बोटीवर काम करणारा माणूस, पुन्हा बोटीवर जायला निघण्याच्या आदल्या रात्रीचे घर. चित्राशेजारी लावायचे टिपण मला मराठीतच लिहायचे आहे, कारण प्रदर्शनाला येणारी माझ्या घरची आणि वाड्यावरची बहुतेक मंडळी मराठी वाचणारी, मराठी नाटकांत वाढलेली आहेत.

टिपणाचे पहिले वाक्य मी असे लिहिले आहे: 'डिझाइनच्या तत्त्वांचा वापर करून भावनिक गोंधळावर आधारित अभिव्यक्तिशील कलाकृती विकसित करणे हा माझा उद्देश आहे.' वाक्य व्याकरणाने चुकलेले नसावे, पण ते माझ्या चित्राविषयी आहे असे वाटत नाही. 'भावनिक गोंधळ' या शब्दप्रयोगाला पर्याय कोणता, आणि 'अभिव्यक्तिशील' लिहावे की 'भावपूर्ण', याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर

तुमची शंका महत्त्वाची आहे. मी पणजीत चित्रकला शिकवतो, आणि शब्द आधी नेमका ठरला तर रचनेतले निम्मे प्रश्न सुटतात असा माझा अनुभव आहे. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

'गोंधळ' हा शब्द प्रथम बाजूला ठेवावा. गोंधळ कार्यक्रमाचा होतो, हिशेबाचा होतो, दोन सारख्या नावांमुळे होतो. शिवाय देवीपुढे घातला जातो तो गोंधळ वेगळाच. 'माझा गोंधळ उडाला' या वाक्याचा अर्थ मला काय करावे ते समजले नाही, एवढाच होतो. त्यात दुःख नसते आणि आवडत्या माणसाचा वियोगही नसतो. इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगताना कोशात 'गोंधळ' येणे स्वाभाविक आहे, पण तुमच्या चित्रातील आईचा किंवा पत्नीचा 'गोंधळ' झालेला नाही.

मराठीत या अनुभवासाठी शब्द भरपूर आहेत: खळबळ, काहूर, कल्लोळ, घालमेल, उलघाल, तगमग, तळमळ, कालवाकालव, चलबिचल, घुसमट. ते एकमेकांच्या जागी सहज बसत नाहीत. का बसत नाहीत, हे त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदे पाहिली की कळते. खळबळ 'माजते', काहूर 'माजते' किंवा 'उठते', आणि ते मनात, सभेत, गावात, म्हणजे एखाद्या अवकाशात माजते. घालमेल, उलघाल, तगमग मात्र 'होते', आणि ती 'जिवाची' होते. कालवाकालव काळजात किंवा पोटात होते. म्हणजे पहिल्या गटातले शब्द विस्तार सांगतात, दुसऱ्या गटातले शब्द एका जिवाची हालचाल सांगतात, आणि कालवाकालव शरीराच्या आतली जागाच दाखवते. चित्रकाराच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे, कारण अस्वस्थता संपूर्ण पृष्ठभागावर पसरवायची की एकाच आकृतीत साठवायची, हा रचनेतला पहिला निर्णय असतो आणि मराठीतले क्रियापद तो निर्णय आपल्यासमोर ठेवते.

एडवर्ड मुंक यांचे १८९३ मधील 'द स्क्रीम' हे चित्र या दृष्टीने पाहावे. त्यातील आकाश आणि पाणी ज्या वळणदार रेषांनी भरले आहे, त्याच रेषा पुढच्या आकृतीच्या डोक्यात आणि अंगात उतरल्या आहेत. पुलाचा कठडा मात्र सरळ आणि तिरपा आहे, आणि मागची दोन माणसे ताठ उभी आहेत. लय आणि विरोध या दोन तत्त्वांवर ते चित्र उभे आहे. मराठीत त्याचे वर्णन करताना मी 'काहूर' किंवा 'कल्लोळ' म्हणेन, 'घालमेल' म्हणणार नाही, कारण तेथे एका माणसाची अवस्था सगळ्या निसर्गभर माजलेली आहे.

याउलट 'घुसमट' घ्या. घुसमटीत जागा उरत नाही, हवा उरत नाही. आपल्या साळगावात १९२४ साली जन्मलेल्या फ्रान्सिस न्यूटन सोझा यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यात काळ्यावर काळा रंग जाड थापून चित्रे केली. त्यांत आकृती आणि पार्श्वभूमी यांच्यातला रंगविरोध जवळजवळ काढून टाकलेला आहे. रंगाच्या पोतावर उजेड पडला तरच चेहरा किंवा देह दिसतो. विरोध हे तत्त्व वापरणे म्हणजे तो वाढवणे असे विद्यार्थी समजतात, पण विरोध काढून घेणे हाही त्या तत्त्वाचाच वापर आहे, आणि घुसमट दाखवायला तो कदाचित अधिक योग्य.

'तगमग' या शब्दात उष्णता आहे. उकाड्याने, तहानेने, तापाने तगमग होते, म्हणून गरम रंगछटा आणि आखूड, पुन्हा पुन्हा येणारे फटकारे त्याला साजतात. 'कालवाकालव' बहुधा दुसऱ्याची दशा पाहून होते, त्यात करुणा असते. ओल्या रंगात ओला रंग मिसळून कडा विरघळू दिल्या तर तो शब्द चित्रात उतरू शकेल. 'चलबिचल' निर्णयाआधीची असते.

तुमच्या प्रसंगाला मला 'घालमेल' हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो. निघायची रात्र आहे, जाणे ठरलेले आहे, त्यामुळे चलबिचल नाही. कोणी ओरडत नाही, म्हणून कल्लोळ नाही. पण जीव एका जागी ठरत नाही. माणूस बॅग भरतो, पुन्हा उघडतो, झोपलेल्या मुलाकडे जाऊन येतो, पुन्हा दाराशी जातो. घालमेलीत ये-जा आहे. चित्रात ती आणायची तर एकच ठळक आकर्षणकेंद्र ठेवण्याऐवजी दोन केंद्रे एकमेकांशी स्पर्धा करतील अशी मांडणी करावी, म्हणजे पाहणाऱ्याची नजर बॅगेकडून बिछान्याकडे आणि बिछान्याकडून बॅगेकडे जात राहील. एखादा आकार, उदाहरणार्थ दाराची चौकट, असमान अंतरांवर पुन्हा येऊ द्यावा. अंतरे सारखी ठेवली तर लय शांत होते आणि घालमेल तेथेच संपते.

आणखी दोन शब्दांचा मोह टाळावा. 'मनःक्षोभ' हा शब्द भारदस्त आहे, पण 'जनक्षोभ', 'प्रक्षोभ' यांच्या वापरामुळे आजच्या वाचकाला त्यात राग दिसतो. 'भावनांचे आंदोलन' हा प्रयोग जुन्या समीक्षेत हेलकावा या अर्थाने सुंदर होता. आज 'आंदोलन' वाचताच मोर्चा आठवतो. 'आवेग' मात्र विचारात घेण्यासारखा आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातील ३३ व्यभिचारी, म्हणजे काही काळ येऊन जाणाऱ्या, भावांमध्ये आवेगाची गणना आहे, आणि उत्पात, वादळ, पाऊस, आग, उधळलेला हत्ती, प्रिय किंवा अप्रिय वार्ता अशी त्याची कारणे तेथे दिली आहेत. म्हणजे आवेग बाहेरून अचानक आदळतो. तुमच्या चित्रातील वियोग कॅलेंडरवर आधीपासून लिहिलेला आहे, म्हणून तोही शब्द येथे बसत नाही. बोट बुडाल्याची बातमी आलेले घर रंगवायचे असते तर बसला असता.

'भावपूर्ण' हे विशेषण श्रद्धांजलीला आणि गायनाला इतके चिकटले आहे की चित्राविषयी ते काही सांगत नाही, शिवाय आपल्याच चित्राला भावपूर्ण म्हणणे शोभत नाही. 'अभिव्यक्तिशील' चालेल, पण ते अभिव्यक्तिवाद या कलाप्रवाहाची आठवण करून देते. घालमेल हा शब्द लिहिल्यावर त्याला विशेषणाची गरज आहे का, ते पाहावे. 'कलाकृती विकसित करणे' हेही सोडावे. जमीन विकसित करतात, चित्र बांधतात, रचतात, किंवा ते घडत जाते.

पुढची शंका

सर, आपले मनापासून आभार. 'घालमेल' हा शब्द वाचताच चित्रात काय चुकत होते ते मला दिसले. मी बॅग मधोमध ठेवली होती आणि दोन्ही बाजूंना माणसे जवळजवळ सारखी बसवली होती. आता तत्त्वांच्या नावांविषयी विचारते. मी टिपणात 'संतुलन बिघडवले आहे', 'विरोधाभास वापरला आहे' आणि 'एकता साधली आहे' असे लिहिले आहे. हे शब्द बरोबर आहेत का? आणि अस्वस्थता दाखवायची असताना संतुलन साधायचे की मोडायचे?

उत्तर

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण शब्दाची चूक तेथूनच येते. अस्वस्थतेचे चित्र अस्ताव्यस्त असावे लागते, हा समज खरा नाही. पिकासो यांचे १९३७ मधील 'गेर्निका' पाहा. बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालेल्या गावाचे ते चित्र सुमारे ३.४९ मीटर उंच आणि ७.७६ मीटर रुंद आहे. त्यात घोडा किंचाळतो आहे, मेलेले मूल हाती घेतलेली आई आक्रोश करते आहे, माणसे तुटून पडली आहेत. तरीही मधला भाग दिव्यापाशी टोक असलेल्या एका मोठ्या त्रिकोणात बांधलेला आहे, दोन्ही बाजूंना उभे भाग आहेत, आणि रंग काळा, पांढरा व करडा एवढेच ठेवले आहेत. एवढा आकांत त्या बांधणीमुळे एका नजरेत मावतो. बांधणी नसती तर भिंतीवर नुसते तुकडे दिसले असते.

म्हणून 'संतुलन बिघडवले' असे लिहू नये. मानसिक अवस्थेवरील चित्राच्या टिपणात ते वाक्य एखाद्याच्या आजाराविषयी आहे असे वाचले जाईल, आणि चित्रात तुम्ही प्रत्यक्षात जे कराल ते बिघडवणे नव्हेच. सममिती सोडून वेगळा तोल साधणे म्हणजे असममित संतुलन. सामान्य वाचकासाठी 'दोन्ही बाजू सारख्या न ठेवता रचनेचा तोल सांभाळला आहे' हे अधिक स्वच्छ. 'समतोल' आणि 'संतुलन' हे दोन्ही शब्द रूढ आहेत. मला 'तोल' आवडतो, कारण तो जाऊही शकतो आणि सावरताही येतो.

'विरोधाभास' येथे स्पष्टपणे चुकीचा आहे, आणि ही चूक छापील लेखनातही सर्रास दिसते. विरोधाभासात विरोध नसतो, त्याचा नुसता आभास असतो. तो अलंकार आहे. काळ्याशेजारी पांढरा ठेवला तर तो विरोध. 'एकता' राष्ट्रीय एकात्मतेच्या फलकावरची वाटते, म्हणून 'एकसंधता' लिहावे. 'लय' या शब्दाला हात लावू नये, संगीतामुळे तो प्रत्येकाला कळतो. ज्या तत्त्वाने एखादी जागा नजरेत आधी भरते त्याला पुस्तकांत 'प्राधान्य' म्हणतात. टिपणात 'बिछान्यावर भर दिला आहे' एवढे पुरेसे होते. 'डिझाइनची तत्त्वे' चालते, पण चित्राच्या संदर्भात मी 'रचनातत्त्वे' लिहितो. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांत 'संकल्पचित्र' हा शब्द आहे खरा. तो मात्र आकारांच्या सजावटीच्या मांडणीशी जोडला गेला आहे, आणि तुमच्या चित्राचा पिंड तो नाही.

पुरवणी

वरील चर्चा वाचून दोन गोष्टी जोडाव्याशा वाटल्या. मी डिचोलीचा असून चित्रकार नाही, मराठी शिकवतो.

आपल्याकडे घरी कोंकणी आणि लेखनात मराठी अशी अनेकांची रीत आहे, त्यामुळे 'घुस्पागोंदळ' हा शब्द टिपणात आणावा असे कोणी सुचवेल. तो जिवंत शब्द आहे, कारण त्यात घुस्पप म्हणजे गुंतणे आहे, आणि गुंता काढता येत नाही अशी स्थिती तो चांगली दाखवतो. पण सरांनी 'गोंधळ' नाकारताना जे कारण दिले तेच येथेही लागू आहे: त्यात डोके गुंतते, जीव नाही. 'तारवटी' मात्र जरूर ठेवावा. 'खलाशी' लिहिले तर होडीवरचा माणूसही डोळ्यांसमोर येईल, आणि 'नाविक' लिहिले तर नौदलातला. वर्षातले अनेक महिने परदेशी बोटीवर काढणारा आणि सुटीला घरी येणारा आपला माणूस 'तारवटी' या शब्दातच आहे.

दुसरी गोष्ट रंगांची. गेर्निकामधील मोजक्या रंगांचा उल्लेख वाचताना आपल्या देवळांच्या भिंतींवरील कावी चित्रे आठवली. तेथे तांबडी काव आणि पांढरा चुना एवढेच असते. वरचा तांबडा थर खरवडून खालचा पांढरा उघडा करतात. विरोध या तत्त्वाचे इतके शुद्ध उदाहरण घराजवळ असताना टिपणात त्याचा निर्देश करता आला, तर वाड्यावरच्या वाचकाला 'विरोध' हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. अर्थात, चित्रात त्याचा उपयोग खरोखर केला असेल तरच.

टिपणाचे पहिले वाक्य मी असे सुचवतो: 'तारवटी घर सोडून निघण्याच्या आदल्या रात्री घरातल्या माणसांच्या जिवाची जी घालमेल होते, ती दाखवण्यासाठी या चित्रात दारांची पुनरावृत्ती, तिरप्या रेषा आणि बॅग व बिछाना ही एकमेकांना ओढणारी दोन केंद्रे योजली आहेत.' वाक्य लांब आहे, पण प्रत्येक तत्त्व कशासाठी आले ते त्यात कळते. चित्राच्या शीर्षकात 'घालमेल' पुन्हा देऊ नये. शीर्षकाने प्रसंग सांगावा आणि टिपणाने अवस्था.

लिंगाविषयी एक सूचना, कारण कोंकणीच्या सवयीने येथे अडखळायला होते: खळबळ, घालमेल, उलघाल, तगमग, तळमळ, कालवाकालव, चलबिचल, घुसमट हे सर्व शब्द मराठीत स्त्रीलिंगी आहेत, काहूर नपुंसकलिंगी आहे, आणि क्षोभ, आवेग, कल्लोळ पुल्लिंगी. 'घालमेल' एकवचनातच वापरावा. 'अनेक घालमेली' असे कोणी म्हणत नाही.