लिमा ते उयुनी: उंचीचा क्रम कसा लावावा?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको जुलैमध्ये पेरूतल्या लिमाहून बसने बोलिव्हियातल्या उयुनीपर्यंत जाणार आहोत. थेट कुस्को गाठावं की वाटेत थांबावं? पैसे कसे वाटून ठेवावेत?

उत्तर १: थेट कुस्को नकोच. लिमा समुद्रकाठी, कुस्को ३,४०० मीटरवर; पहिल्याच रात्री डोकं ठणकतं, मळमळतं. आधी आरेकिपाला (सुमारे २,३०० मीटर) दोन-तीन रात्री काढा, मग कुस्को, पुनो, कोपाकबाना, ला पाझ. विमानाने कुस्कोला उतरलात तर त्याच दिवशी ओयान्तायताम्बोला जा, ते सुमारे ६०० मीटर खाली आहे. एकाला त्रास सुरू झाला की दोघांनीही पुढे चढणं थांबवा. चालताना तोल जातोय किंवा बसल्या जागी धाप लागतेय, तर लगेच खाली उतरा. गोळी घेऊन वाट पाहणं जिवावर बेतू शकतं.

उत्तर २: रात्रीच्या बसमध्ये ‘सेमी कामा’पेक्षा ‘कामा’ सीटची पाठ जास्त कलते, लांब पल्ल्याला तीच घ्या. पासपोर्ट अंगावर, वरच्या फळीवर कधीच नाही. वेगवेगळ्या खात्यांची कार्डं एकेकाकडे. डॉलरच्या नोटा कोऱ्या हव्यात, जराशी फाटलेली नोटही नाकारतात.

उत्तर ३: जुलैत उयुनीचं मिठाचं मैदान कोरडं असतं. त्यावर आरशासारखं पाणी साधारण जानेवारी ते मार्च. मात्र कोरड्या दिवसांत दक्षिणेकडच्या तळ्यांची वाट खुली असते, आणि ती चुकवू नये! त्यातलं लागुना कोलोरादा हे तळं ४,२०० मीटरच्याही वर; रात्री पारा शून्याच्या बराच खाली. स्लीपिंग बॅग हवीच.