रोव्हर्स कप गेला, मुंबईचं काय गेलं?

ओव्हलवासी
"रोव्हर्स कप आधी गोऱ्या पलटणींचा, मग कोलकात्याचा. बंद पडला तर मुंबईचं काय गेलं?" मुंबईत कूपरेज मैदानावर व्हायच्या त्या जुन्या फुटबॉल स्पर्धेबद्दल भिंगरी यांचं हे कालचं वाक्य. रात्रभर डोक्यात भुणभुणतंय, म्हणून लिहायला बसलो.

१८९१ चा पहिला कप वूस्टर रेजिमेंटने नेला, मान्य. पुढेही वर्षानुवर्षं पलटणीच नेत होत्या, मान्य. पण १९३७ ला बंगलोर मुस्लिम्सनी तो हिसकावला, १९३८ ला पुन्हा. मग १९५० ते ५४ सलग पाच वर्षं हैदराबाद सिटी पोलीस. कोच रहीमसाहेबांची टीम ती! त्यांच्याच हाताखाली भारत १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला, आणि तिथे ऑस्ट्रेलियावर हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसूझा मुंबईत खेळायचा. असा फुटबॉल कूपरेजवर दरवर्षी दाराशी येत होता. ब्रिटिश पुरुषाने १९३६ नंतर थेट २०१३ ला विम्बल्डन जिंकलं. मधल्या काळात त्यांनी स्पर्धा गुंडाळली का?

भिंगरी
विम्बल्डनला तिकीट मिळत नाही. कूपरेजला शेवटी शेवटी प्रेक्षक मिळत नव्हते. एवढाच फरक आहे, बाकी उपमा छान.

२०००-०१ चा शेवटचा कप मोहन बागानने नेला, त्यांचा चौदावा. मुंबईकडून १९५८ ला जिंकलेली कॅल्टेक्स कंपनीची टीम सांगाल, त्यापुढे फार बोटं दुमडावी लागत नाहीत. आपण फक्त मांडव घालायचो, जेवून जायचे पाहुणे.

गिरणगाव
पाहुणे? माझा मामा एका गिरणीच्या टीमचा राइट बॅक होता. गिरणीचं नाव घेत नाही, एकेकाळी पोटाला घातलंय त्यांनी. सकाळी खात्यात हजेरी, दुपारी सराव. एकदा रोव्हर्सला कोलकात्याच्या बड्या टीमसमोर उतरले. हाफटाइमला ०-० होतं, हे तो चाळीस वर्षं सांगत होता. एकदा बॉल भिंतीवरून शेजारच्या बँडस्टँडच्या बागेत गेला, तर आणायला हाच पळाला म्हणे, तेवढाच टाइमपास. ८२ च्या संपानंतर ना खातं राहिलं ना टीम. मुंबईचं काय गेलं हे त्याला विचारायला हवं होतं.

चौकार_षटकार_नको
सगळ्याचं मूळ क्रिकेट. लिहून घ्या.

पेठेतला
कोल्हापुरात टीव्हीवर क्रिकेट दिसत न्हाई व्हय? तरी आमच्यात पाटाकडील-दिलबहार या तालमींची फुटबॉल मॅच असली की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसते.

कालपासून वाचतोय. मुंबई, कोलकाता, हैदराबाद झालं, महाराष्ट्रातल्या फुटबॉलवर बोलताना कोल्हापूर एकालाबी आठवू नये? २०१७ चा अंडर-१७ वर्ल्डकप खेळलेला अनिकेत जाधव कुठला पोरगा? आमच्या टीमा तालमींच्या. गिरणी बंद पडली म्हणून तालीम बंद पडत न्हाई. तुमचा कप का मेला, तर तो कुणाच्याच गल्लीचा नव्हता.

ओव्हलवासी
इथे कोल्हापूरचा काय संबंध? आणि कौतुक करायचंच तर पोलीस बंदोबस्ताचंही करा. मॅच कमी, पेठांची भांडणं जास्त.

पेठेतला
बंदोबस्त लागतो, कारण लोक येतात. रिकाम्या मैदानाला कशाला लागतोय बंदोबस्त? कधी एकदा येऊन बघा, मग बोला. घरात बसून इतिहास सांगणारे लई बघितलेत.

भिंगरी
वा, माझं काम परस्पर झालं.

ओव्हलवासी
भिंगरी, तुम्ही टाळ्या वाजवू नका, तुमचं म्हणणं वेगळं होतं. पेठेतले, "घरात बसून" म्हणायची गरज नव्हती. सत्तरच्या दशकापासून कूपरेजच्या फळ्या झिजवल्यात मी.

कप मरायचं कारण मला विचाराल तर कॅलेंडर. १९९६ ला नॅशनल लीग आली. मोठ्या क्लबांना लीग महत्त्वाची, कपसाठी कोण पूर्ण टीम पाठवणार? ड्युरंड कप १८८८ चा, रोव्हर्सपेक्षा जुना. तो तगला, कारण मागे लष्कर आहे. २०१९ ला कोलकात्याला नेऊन पुन्हा उभा केलाच ना! रोव्हर्सच्या मागे कंपन्यांच्या टीमा होत्या, आणि कंपनीचं मन फिरायला एक मीटिंग पुरते. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ला नॅशनल लीग जिंकली, २०१० ला टीम बंद.

पेठेतला
म्हंजे गल्लीचा नव्हता. मी काय वेगळं बोललो?

ओव्हलवासी
…शब्द वेगळे होते.

भिंगरी
घ्या, लिहून ठेवा तारीख. मीही अर्धं पाऊल मागे घेतो: गेलं काहीतरी. पण मुंबईचं नव्हे, गिरणगावचं.

गिरणगाव
गिरणगाव मुंबईत नव्हतं का?

पेठेतला
ते जाऊ दे भावा. मामांच्या त्या मॅचचा शेवटचा स्कोअर काय हुता?

गिरणगाव
०-५. पण हाफटाइमला ०-० होतं.