पाहुण्यांच्या आधारचे फोटो माझ्या फोनात साठलेत, काय करायचं?

तारकर्लीची_लेक

नमस्कार मंडळी, आमचं तारकर्लीला छोटं होमस्टे आहे, तीनच खोल्या, जेवणाचं आई बघते आणि बुकिंग सगळं माझ्या फोनवर. बुकिंग आलं की मी व्हॉट्सॲपवर आधारचा फोटो मागवून घेते, आजूबाजूचे सगळे मागवतात म्हणून मीपण. गेल्या आठवड्यात फोन पडून स्क्रीन गेली म्हणून कुडाळला दुकानात टाकला, त्याने टच चेक करायला पिन मागितला, मी दिला आणि संध्याकाळी नेते म्हणून निघाले. एसटीत बसल्यावर डोक्यात आलं की अरे या फोनात पाहुण्यांचे आधार आहेत सगळे! दुकानदाराबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्याने फोन नीट करून दिला. पण घरी येऊन गॅलरी बघितली तर २०२१ पासूनचे फोटो, चारशेपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. लहान पोरांचे आधार आहेत, म्हाताऱ्या जोडप्यांचे आहेत, एक नवीन लग्न झालेली मुलगी आलेली तिच्या आधारवर अजून माहेरचा पत्ता आहे. या माणसांनी मला विश्वासाने दिलंय ते.

व्हॉट्सॲपची नवीन पॉलिसी आली होती ना २०२१ च्या जानेवारीत, तेव्हा मीच घरात सगळ्यांना सिग्नल ॲप घ्यायला लावलं होतं, कंपन्या आपली माहिती घेतात म्हणून भांडले होते. आणि चार वर्षं मी काय करत होते? झोप लागली नाही खरंच. फोटो किती दिवस ठेवायचे असतात, पोलिसांना नक्की काय लागतं, कोणी सांगेल का?

रत्नागिरीकर_७७

ताई, चांगला प्रश्न काढलात, मी बँकेच्या कॉम्प्युटरचं काम बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी भीती कमी करा, नुसत्या फोटोवरून कोणाच्या खात्यातले पैसे जात नाहीत, आधारवरून पैसे काढायला बोटाचा ठसा किंवा चेहरा-डोळे जुळावे लागतात. पण त्या पाहुण्यांच्या नावाने कर्ज किंवा सिमकार्ड काढायचा प्रयत्न करणाऱ्याला असा स्वच्छ फोटो म्हणजे अर्धं काम झालेलं असतं, त्यामुळे तुमची काळजी बरोबरच आहे.

२०२२ च्या मे महिन्यात आधारच्या बेंगळुरू ऑफिसने पत्रक काढलं होतं की झेरॉक्स कुणालाही देऊ नका, त्यात हॉटेलं आणि थिएटरं यांना आधारची कॉपी घेऊन ठेवायची परवानगी नाही असं स्पष्ट होतं. दोन दिवसांत ते मागे घेतलं, लोक चुकीचा अर्थ काढतील म्हणून. मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो, कारण तेवढं एक सरळ वाक्य लोकांपर्यंत पोचलं असतं तर आज तुमच्या फोनात चारशे फोटो नसते.

पाहुण्यांना मास्क्ड आधार मागा, आधारच्या साइटवरून ओटीपी टाकून डाउनलोड होतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. त्याहून बरं म्हणजे ओळखपत्र दारात बघायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं आणि परत द्यायचं. आणि नुसते गॅलरीतून डिलीट करून भागत नाही हां. गुगल फोटोजला बॅकअप चालू असेल तर तिथेही असणार, तिथून काढले तरी ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतात, ट्रॅश रिकामा करा. व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये वेगळे असतात ते वेगळे काढा, आणि मीडिया व्हिजिबिलिटी बंद करा म्हणजे पुढचे गॅलरीत येणारच नाहीत.

दिवेआगर_वाडीवाला

माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्याकडे एकदा खोट्या नावाने चौघे राहून गेले, नंतर पोलीस विचारत आले तर माझ्याकडे दाखवायला काहीच नव्हतं, तेव्हापासून मी फोटो घेतो. दारात बघून परत द्या हे बोलायला सोपं आहे, रात्री अकराला घाटातून दमून आलेल्या बारा जणांचं रजिस्टर कोण लिहिणार?

पण एक सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे उतरलेला एक पोरगा भरतीच्या वेळी पाण्यात ओढला गेला, गावातल्या पोरांनी काढला, वाचला. सोबतचे सगळे मित्र घाबरून गप्प, त्याच्या घरी कळवायचं तर माझ्याकडे आधारचा फोटो होता आणि आईबापाचा नंबर नव्हता. घरच्यांचा नंबर आधारवर कुठे असतो? तेव्हापासून तो मी आधी लिहून घेतो. आधारचे फोटो मात्र काढून टाकायचे कधी सुचलं नाही, ताईंचं वाचून आज पहिल्यांदा गॅलरी उघडली.

वेंगुर्ला_बंदर

बरां केलंस ताई विचारलंस ता. आमच्याकडे टूरवाले अख्ख्या बसच्या आधारांची एक पीडीएफ करतात आणि चाळीस होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर टाकतात, ज्यांच्याकडे कोण उतरणार पण नाही त्यांच्या फोनात पण ती जाते. मी दोनदा सांगितलं, तेवढ्यापुरतं हो म्हणतात. आणि एका बुकिंग ॲपवर मीच घरच्या पाच जणांची ओळखपत्रं अपलोड केलेली, ट्रिप झाल्यावर काढून टाका म्हणून तीन मेल केले, उत्तर नाही. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे ना, काम संपलं की माहिती पुसायची असं त्यात आहे, त्या कायद्यात सगळ्यात मोठा दंड २५० कोटींपर्यंत. नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले आणि बऱ्याच गोष्टींसाठी १८ महिन्यांची मुदत. आपल्यासारख्याने तोवर काय करायचं? प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ ला सांगून झालं, मग एका मेलला उत्तर द्यायला काय होतं यांना.

तारकर्लीची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. काल दुपारी बसून सगळं काढलं, बॅकअपमधून आणि ट्रॅशमधून पण, तीन तास गेले. मग मालवणला पोलीस ठाण्यात जाऊन विचारलं, त्यांनी सांगितलं रजिस्टर नीट ठेवा, आणि परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत ऑनलाइन कळवा. दिवेआगरच्या दादांचं वाचून रजिस्टरला एक रकाना वाढवला, घरच्यांचा नंबर. रात्री उशिरा येणाऱ्यांकडून नाव, गाव आणि तो नंबर आधीच मेसेजवर घेणार, ओळखपत्र फक्त दारात बघायचं, लिहायला बाबा बसतील म्हणालेत.

आज सकाळी सांगलीचं एक कुटुंब आलं, त्यांनी सवयीने आधीच पाच आधार पाठवून ठेवले होते. त्यांच्यासमोरच डिलीट केले. काकू म्हणाल्या, आम्ही आजपर्यंत कुठे कुठे पाठवलेत काय माहीत गं.